भवभूति कवि आणि आमगांवजवळचें पदमपूर

गीत कानावर पडलें म्हणजे तें कोठें सुचलें असेल, असा प्रश्न मनांत येतो. मेंढपाळाचें स्तोत्र गातांना बेथलेहेमाभोंवतालचीं कुरणें डोळ्यांपुढें उभीं राहतात. बाबेलच्या नद्यांकांठचा विलाप वाचतांना, दूर देशीं नेलेल्या लोकांना सियोनेची केवढी ओढ लागली होती तें कळतें. गीताला जसा कर्ता असतो तशी जन्मभूमीहि असते. ती भूमि ओळखली म्हणजे गीताचा अर्थ अधिक उकलतो. मात्र पुरावा न पाहतां भलत्याच जागेला तो मान दिला तर फसगत होते. म्हणून असा शोध आवडीनें, पण जपून करावा लागतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यांतहि अशी एक भूमि आहे. नागपुराहून पूर्वेकडे जाणारी आगगाडी गोंदिया सोडून डोंगरगडाच्या वाटेला लागली म्हणजे आमगांवचें स्थानक येतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलें असेल; कित्येकांचा तर तो नेहमींच्या बाजाराचा गांव आहे. त्या आमगांवाशेजारीं पदमपूर नांवाचें खेडें आहे. भोंवतालीं धानाचीं शेतें, पाण्याच्या बोड्या आणि मोहाचीं झाडें. पुढें सालेकसा व दरेकसा यांच्या बाजूला डोंगर आणि दाट रान. या खेड्यांत जुन्या मंदिरांचे व मूर्तींचे अवशेष सांपडले आहेत. संस्कृत नाटककारांत कालिदासाच्या जोडीनें ज्याचें नांव घेतात तो भवभूति कवि याच पदमपुरचा, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. त्याचें चरित्र, त्याच्या काव्यांतील स्थळें, आणि त्या स्थळांचा आपल्या या रानाशीं असलेला संबंध, हीं आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

भवभूतीच्या चरित्राचीं साधनें थोडीं आहेत. जुने कवि स्वतःविषयीं फारसें लिहीत नसत. कालिदासानें तर आपल्या आईबापांचें नांवहि कोठें सांगितलें नाहीं. भवभूति याला अपवाद आहे. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेंत, सूत्रधाराच्या तोंडून, तो आपलें कुळ व गांव सांगतो. दक्षिणापथांत पद्मपुर नांवाचें नगर आहे. तेथें तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे व उदुंबर या नांवानें ओळखले जाणारे वेदाभ्यासी ब्राह्मण राहतात. त्यांच्यांत वाजपेय यज्ञ केलेला एक महाकवि होऊन गेला. त्याच्या वंशांत पांचव्या पिढीला आपला जन्म झाला, असें तो सांगतो. आजोबांचें नांव भट्टगोपाल, बापाचें नीळकंठ, आईचें जातुकर्णी, आणि गुरूचें ज्ञाननिधि. कवीला श्रीकंठ असेंहि म्हणत.

त्याचा काळ कोणता, हें दुसऱ्या ग्रंथांवरून ठरवावें लागतें. काश्मीरचा इतिहासकार कल्हण यानें बाराव्या शतकांत राजतरंगिणी हा ग्रंथ लिहिला. त्यांत कनोजचा राजा यशोवर्मा याच्या पदरीं वाक्पतिराज व भवभूति हे कवि होते, आणि त्या राजाचा काश्मीरच्या ललितादित्यानें पराभव केला, असें सांगितलें आहे. हे दोन्ही राजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धांतले. वाक्पतिराजानेंहि आपल्या गौडवहो नांवाच्या प्राकृत काव्यांत भवभूतीची थोरवी गाइली असून आपल्या कवितेवरील त्याचें ऋण मोकळ्या मनानें कबूल केलें आहे. तेव्हां आमचा कवि आजपासून सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं होऊन गेला, हें धरून चालण्यास हरकत नाहीं.

आतां पद्मपुर कोठलें, हा प्रश्न. दक्षिणापथ म्हणजे दक्षिणेकडचा केवढा तरी विस्तीर्ण मुलूख. मालतीमाधव नाटकाच्या कांहीं पोथ्यांत पद्मपुराच्या आधीं विदर्भ देशाचें नांव येतें. त्यामुळें शोध वऱ्हाड व नागपूर प्रांतापुरता आंखडला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७६ सालीं मालतीमाधवाची आवृत्ति काढली, तेव्हां कवीचा गांव चंद्रपुराच्या बाजूला असावा असा त्यांचा तर्क होता. कारण कवीच्याच वेदशाखेचीं ब्राह्मण घराणीं त्या भागांत पुष्कळ होतीं. पुढें नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं आमगांवजवळच्या पदमपुराकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्या वेळीं हें खेडें भंडारा जिल्ह्यांत होतें. गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला.

मिराशींच्या हातीं एक मोठा पुरावा होता. शेजारच्या दुर्ग जिल्ह्यांत वाकाटक राजांचा एक ताम्रपट सांपडला होता. त्यावरील लेख अपुरा आहे, परंतु तो पद्मपुराहून दिला गेला एवढें त्याच्या आरंभीं स्पष्ट लिहिलेलें आहे. वाकाटकांचें राज्य विदर्भांत भवभूतीच्या दोनशें वर्षांहून अधिक आधीं होतें. म्हणजे विदर्भांत त्या काळींहि पद्मपुर नांवाचें नगर होतें व तें राजाच्या वास्तव्याजोगें होतें. ताम्रपट सांपडला तो प्रदेश पदमपुराला लागूनच पूर्वेला आहे. खेड्याचें नांव जवळजवळ तेंच राहिलें आहे. आणि जमिनींत जुन्या वैभवाच्या खुणा आहेत. हे चार धागे एकत्र वळले म्हणजे दोर बराच बळकट होतो. तरी तो दोर वळलेला आहे, हें विसरूं नये. पदमपुर हें कवीचें जन्मस्थान असणें फार संभवनीय आहे, एवढेंच प्रामाणिकपणें म्हणतां येतें. आणि आम्हांस वाटतें, तेवढें म्हणणें गांवाच्या मानाला पुरेसें आहे.

कवीचें पुढलें आयुष्य उत्तर हिंदुस्थानांत गेलें. तो तिकडे कां व केव्हां गेला? याचें उत्तर कदाचित् त्याच्या मालतीमाधव नाटकांत दडलें असेल. त्या नाटकाचा नायक माधव हा विदर्भाच्या प्रधानाचा मुलगा. अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं जें कौंडिण्यपूर आहे तेंच जुनें कुंडिनपुर. तेथून बाप आपल्या मुलाला तर्कशास्त्र शिकण्यासाठीं दूर पद्मावती नगरीला पाठवितो. विदर्भाचा एक हुशार मुलगा विद्येसाठीं घर सोडून उत्तरेकडे निघतो, ही गोष्ट कवीनें उगीच कल्पिली नसावी. स्वतः त्यानेंहि तीच वाट चालली असावी, असें मानण्यास जागा आहे. शिक्षणासाठीं मुलाला वसतिगृहांत पाठविणाऱ्या आमच्या वाचकांना त्या बापाचें मन सहज समजेल.

ही पद्मावती नगरी कोठें होती, याचा शोध कसा लागला तें ऐकण्यासारखें आहे. नाटकाच्या नवव्या अंकांत सौदामिनी नांवाची योगिनी आकाशमार्गानें येते व तिला खालीं पद्मावती दिसते. सिंधु व पारा या दोन नद्यांच्या वेढ्यांत नगरी वसली आहे; जवळून लवणा नदी वाहते; सिंधूचा प्रवाह कड्यावरून कोसळून मोठा घोष होतो; पुढें मधुमती नदी येऊन मिळते, आणि त्या संगमावर शिवाचें देऊळ आहे. कोणी म्हणेल, ही कवीची कल्पना. परंतु प्राचीन वस्तूंचे संशोधक कनिंगहॅम यांनीं या नद्या नकाशावर शोधण्यास आरंभ केला. त्यांनीं प्रथम नरवर हें गांव सुचविलें. पुढें ग्वाल्हेर संस्थानाचे अधिकारी मो. बा. गर्दे यांनीं पवाया या खेड्याची पाहणी केली, तेव्हां प्रश्न सुटला. पवाया हें ग्वाल्हेर जिल्ह्यांत सिंध व पार्वती या नद्यांच्या संगमाजवळ आहे. लवणेच्या जागीं नून व मधुमतीच्या जागीं महुअर या नद्या आजहि तिकडे वाहतात. जुन्या नगरीचे अवशेष तेथेंच जमिनींतून निघाले. एक हजारांहून अधिक वर्षें लोटल्यावर नाटकांतील वर्णन जमिनीशीं ताडून पाहिलें, आणि तें जुळलें.

यावरून आपणांस भवभूतीची रीत कळते. तो ज्या नदीचें नांव घेतो ती त्यानें पाहिलेली असते. पाण्याचा आवाज कोठें मोठा होतो, कोणती नदी कोणत्या बाजूनें येते, हें त्याला ठाऊक असतें. असा कवि जेव्हां अरण्य वर्णितो तेव्हां तेंहि पाहिलेलें असणार, हें मनांत ठेवून पुढें जाऊं.

भवभूतीचीं तीन नाटकें आज उपलब्ध आहेत. महावीरचरितांत रामाच्या पूर्वायुष्याची व राज्याभिषेकापर्यंतची कथा आहे. मालतीमाधव हें दहा अंकांचें नाटक. त्यांत माधव व मालती यांचें प्रेम, आणि चामुंडेच्या पुढें मालतीचा बळी देऊं पाहणाऱ्या अघोरघंटाच्या हातून तिची सुटका, अशी कथा आहे. तिसरें उत्तररामचरित, त्यांत सात अंकांत सीतेच्या त्यागाची कथा सांगितली आहे, आणि हेंच कवीचें सर्वश्रेष्ठ नाटक मानितात.

हीं नाटकें राजवाड्यांत नव्हे, तर कालप्रियनाथ नांवाच्या देवाच्या यात्रेंत झालीं, असें त्यांच्या प्रस्तावनांवरून दिसतें. तें देवस्थान उज्जयिनीचें महाकाल, असें कित्येक म्हणतात; मिराशींच्या मतें तें यमुनेच्या कांठीं काल्पी येथें होतें. तें कसेंहि असो, यात्रा भरली आहे, लांबलांबचे लोक जमले आहेत, आणि रात्रीं नाटक उभें राहिलें आहे, हें दृश्य आपल्या झाडीपट्टींतील लोकांना परकें नाहीं. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते व नाटकांवर रात्रच्या रात्र लोक बसतात, तेंच हें. नटमंडळींशीं आपला मूळचाच स्नेह आहे, असें कवि अभिमानानें सांगतो. वेदविद्येच्या एवढ्या मोठ्या घराण्यांतला मनुष्य नटांना मित्र म्हणवितो, ही त्याच्या मनाच्या मोकळेपणाची खूण होय.

त्याला यश मात्र लवकर मिळालें नसावें. मालतीमाधवाच्या आरंभीं तो आपल्या निंदकांचा उल्लेख करितो. त्यांच्यासाठीं आपण लिहिलेंच नाहीं, असें तो सांगतो. आणि आपली कदर करणारा मनुष्य आज जवळ नसला तरी पुढें कधीं तरी, कोठें तरी भेटेल, असा विश्वास धरून लिहिणें चालूं ठेवितो. तो विश्वास खरा ठरला. १८२७ च्या सुमारास होरेस हेमन विल्सन यांनीं त्याचीं दोन नाटकें इंग्रजींत नेलीं. १८५९ सालीं परशुरामतात्या गोडबोले यांनीं उत्तररामचरित मराठींत आणिलें. ज्या गांवाला तो आपला म्हणतो त्याच्या शेजारीं, आमगांवांत, आज त्याच्या नांवाचें महाविद्यालय चालतें, आणि धानाच्या शेतांतून येणारीं मुलेंमुली तेथें शिकतात.

आतां त्याच्या अरण्याकडे वळूं. रामाची कथा दंडकारण्यांत घडते. जनस्थान, पंचवटी, गोदावरी, प्रस्रवण पर्वत, हीं नांवें उत्तररामचरितांत वारंवार येतात, आणि परंपरेनें पंचवटी नाशिकास दाखवितात. परंतु नांवें बाजूला ठेवून कवि त्या रानांत काय काय पाहतो तें मोजावें. कोठें रान इतकें निःशब्द कीं पान हालत नाहीं, आणि कोठें श्वापदांच्या ओरडण्यानें दुमदुमलेलें. उन्हाळ्यांत पाणी आटून खळग्यांत थोडें उरलें आहे, आणि तहानलेले सरडे अजगराच्या अंगावरचा ओलावा चाटीत आहेत. बांबूच्या बेटांत घुबडांचा घूत्कार घुमतो व त्याला भिऊन कावळे गप्प झाले आहेत. मोरांचे आवाज ऐकून साप जुन्या झाडांच्या ढोलींत शिरत आहेत. गुहांतून तरुण अस्वलांचें गुरगुरणें येतें. हत्तींनीं मोडलेल्या सालईच्या फांद्यांतून चीक गळतो व त्याचा थंड, उग्र वास सगळीकडे पसरला आहे. ओढ्याच्या कांठीं वेताच्या जाळ्यांवर पांखरें बसतात, त्यांचीं फुलें पाण्यांत पडतात, आणि पिकल्या जांभळांच्या राईंतून अडखळत तें पाणी खळखळत जातें.

हें वर्णन ज्यानें नवेगांवच्या किंवा नागझिऱ्याच्या बाजूचें रान पाहिलें आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. अस्वल, अजगर, मोर, घुबड, बांबू, सालई, जांभूळ, हीं सर्व आजहि येथें आहेत. मोहाच्या दिवसांत पहांटे फुलें वेंचण्यास जाणाऱ्या बायांना अस्वलाची भीति काय असते हें ठाऊक आहे. उन्हाळ्यांत कोरड्या नाल्यांतल्या एका डबक्यावर सगळे प्राणी कसे येतात हें गुराख्यांना ठाऊक आहे. दुसरे कवि अरण्य वर्णितांना बहुधा कमळें, भ्रमर व मंद वारा यांच्यावर थांबतात. भवभूति मात्र रानाचा वास, उकाडा व भय हींहि सांगतो. रानाच्या कडेला वाढलेल्या मुलाची ही दृष्टि आहे.

याला आणखी एक आधार आहे. अस्वलांच्या गुहा व सालईचा वास यांचा जो श्लोक उत्तररामचरितांत दंडकारण्यासाठीं आला आहे, तोच मालतीमाधवांतहि सांपडतो. आणि तेथें तो दूर उत्तरेकडच्या, पद्मावतीजवळच्या डोंगरांसाठीं वापरिला आहे. स्थळ बदललें तरी श्लोक बदलला नाहीं. याचा अर्थ काय? नगरी वर्णावयाची असली म्हणजे कवि तिच्या नद्या नेमक्या सांगतो. रान म्हटलें कीं मात्र त्याच्या मनांत एकच रान उभें राहतें, आणि तें तो जाईल तेथें बरोबर नेतो. तें रान लहानपणीं पाहिलेलें असावें असें आम्हांस वाटतें. पदमपुर हाच त्याचा गांव असेल, तर दंडकारण्याच्या नांवाखालीं जगानें जें रान वाचलें तें बरेंचसें आपल्या या झाडीचें आहे. अर्थात् सालई आणि अस्वलें विंध्याद्रींतहि आहेत. म्हणून हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु नाशिकच्या पंचवटीचा मान कमी न करतां आपल्या मुलांना तो सांगण्यास कांहीं हरकत नाहीं.

स्थळ आणि आठवण यांचा संबंध हा तर उत्तररामचरिताचा गाभाच आहे. पहिल्या अंकांत राम, लक्ष्मण व सीता भिंतीवर काढलेलीं आपल्या वनवासाचीं चित्रें पाहतात. एकेक जागा दिसते व एकेक दुःख अगर सुख जागें होतें. गरोदर सीतेला पुन्हा एकदां त्या रानांत हिंडावें असें वाटतें. त्याच वेळीं लोकांत तिच्याविषयीं पसरलेली कुजबुज रामाच्या कानीं येते, आणि रानांत फिरावयास नेण्याच्या निमित्तानें तिला कायमचें टाकून देण्यांत येतें. बारा वर्षांनंतर राम पंचवटींत येतो. सीतेनें हातानें वाढविलेला हत्तीचा छावा आतां मोठा झाला आहे. तिचा मोर कदंबाच्या झाडावर बसला आहे. ज्या शिळेवर दोघें बसत ती तशीच आहे. राम मूर्च्छित पडतो. सीता तेथेंच अदृश्य रूपानें उभी असते. ती त्याला स्पर्श करून सावध करिते, पण दिसत नाहीं. निरपराध बाईवर लोकापवादानें केवढें दुःख कोसळतें, आणि तिला टाकणाराहि कसा जन्मभर जळतो, हें या अंकासारखें क्वचितच कोणी दाखविलें असेल. शेवटच्या अंकांत गंगा व पृथ्वी सीतेच्या निर्दोषपणाची ग्वाही देतात, लोक तिला वंदन करितात, आणि कुश व लव यांच्यासह सर्वांची भेट होते. मूळ रामायणांत सीता भूमींत जाते. भवभूतीच्या मनाला तो अन्याय सोसवला नाहीं.

परंतु एका जागीं त्याच्या हातून तेवढें झालें नाहीं, आणि ती जागा आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं; कारण ती आमच्या पुष्कळ वाचकांच्या घराण्यांच्या इतिहासाला जाऊन भिडते. एका ब्राह्मणाचा मुलगा अकालीं मेला, आणि त्याचें कारण शंबूक नांवाचा शूद्र तप करीत आहे हें ठरलें. म्हणून रामानें त्याचा वध केला, अशी कथा रामायणाच्या उत्तरकांडांत आहे. विद्या व तप हीं जन्मावरून नाकारण्याची ही जुनी रूढि. भवभूतीनें ती कथा काढून टाकली नाहीं. सीतेसाठीं त्यानें शेवट बदलला, शंबूकासाठीं बदलला नाहीं. काव्य सुंदर आहे म्हणून अन्याय सुंदर होत नाहीं, हें आपण स्पष्ट म्हटलें पाहिजे.

तरी कवीचें मन तेथें स्वस्थ नव्हतें, हेंहि दिसतें. त्याचा राम तलवार उचलतांना अडखळतो; ज्या हातानें निरपराध सीतेला घालवून दिलें त्या हाताला दया कोठून असणार, अशा शब्दांनीं तो स्वतःलाच टोंचतो. वधानंतर शंबूक दिव्य रूपानें प्रगट होतो व रामाला वाट दाखवितो. आम्ही वर जें रानाचें वर्णन सांगितलें, तें घुबडांचें, अस्वलांचें, सालईचें व जांभळींचें, तें या नाटकांत बहुतेक शंबूकाच्या तोंडीं आहे. राजाला रान ओळखूं येत नाहीं असें वाटलें कीं हा तपस्वी पुढें होऊन त्याला प्रत्येक जागा समजावून देतो. कवीनें आपल्या हृदयांतील सर्वांत प्रिय वस्तु, आपलें रान, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वाणींत ठेविली. त्यानें हें जाणून केलें कीं नकळत, तें देव जाणे. परंतु रानाचें खरें ज्ञान रानांत राहणाऱ्या, हीन लेखिलेल्या माणसापाशीं असतें, एवढें सत्य त्यांतून बाहेर पडलें आहे.

आमगांवावरून जाणाऱ्या याच लोहमार्गानें दुसराहि एक कवि गेला आहे. ज्यांचीं भजनें आपल्या मंडळ्यांत गाइलीं जातात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास निघाले होते. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकलेले, कविता करणारे, आणि खऱ्या धर्माच्या शोधांत असलेले हे गृहस्थ. त्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मराठी मंडळीला तिच्या स्वतःच्या चालींत गाण्याजोगीं गीतें मिळालीं. टिळकांनीं परक्या चालींना मराठी शब्द चिकटविण्यांत समाधान मानिलें नाहीं. अभंग, ओवी व पद, हीं जीं गांवच्या लोकांच्या कानांत आधींच होतीं त्यांतच त्यांनीं आपली भक्ति ओतली. भवभूतीनें आपल्या गांवचें रान दूर कनोजच्या मुलखांत नेलें. टिळकांनीं आपल्या लोकांचे सूर उपासनेंत आणिले. गीत मोठें होतें तें आपली भूमि सोडून नव्हे, तर ती बरोबर घेऊन, हें दोघांच्याहि उदाहरणांवरून दिसतें.

आमच्या ग्रामशिक्षक व उपदेशक बंधूंना यांतून एक काम सुचवावेंसें वाटतें. आपल्या खेड्याला इतिहास नाहीं, आपलें रान मागासलेलें, आपलीं गाणीं गांवढळ, असें मुलांना वाटूं देऊं नये. आपल्या बोडीचें, टेकडीचें, नाल्याचें नांव कसें पडलें तें म्हाताऱ्या माणसांस विचारावें व वहींत टिपून ठेवावें. रोवणीच्या वेळीं बाया जीं गाणीं म्हणतात तीं लिहून घ्यावीं, कारण तीं म्हणणारीं माणसें दर वर्षीं थोडीं होत आहेत. शेतांत नांगराला जुनी मूर्ति किंवा कोरलेला दगड लागला, तर तो फोडूं नये व पायरीलाहि लावूं नये. तहसील कचेरींत वर्दी द्यावी. पदमपुराचें नांव जर मध्यंतरीं कोणी बदलून टाकलें असतें, किंवा तो अर्धवट कोरलेला ताम्रपट जर कोणी मोडीच्या भावानें विकला असता, तर आज कवीचा गांव शोधण्यास हातीं काय उरलें असतें?

आणि हें करितांना खरें तेवढेंच सांगावें. आपल्या गांवाचा अभिमान वाढविण्यासाठीं पुराव्यापलीकडे एकहि शब्द जोडूं नये. संभव आहे तेथें संभव म्हणावें, सिद्ध आहे तेथें सिद्ध म्हणावें. भवभूतीनें आपल्या नद्या खऱ्या सांगितल्या, म्हणून हजार वर्षांनंतरहि त्या सांपडल्या.